बंब्याची घाई

बंब्याचं जेवण बघायला म्हणून तुम्ही खुर्ची ओढलीत, तर बूड टेकेपर्यंत ते संपलेलं असायचं. भांडं फरशीला लागायच्या आत तोंड भांड्यात, मग घशातून ओला गडगडाट, आणि मग रिकामं भांडं ढकलत ढकलत थेट फ्रिजपर्यंत. चावणं नावाचा प्रकार त्या कुत्र्याच्या गावीच नव्हता. दात नुसते शोभेला. आणि एवढं करून वर तोंड असं करायचा, की या घरात आपल्याला जन्मात कुणी चार घास घातले नाहीत. लबाड लेकाचा.

घर होतं ठोकेकाकांचं. खाली रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दिवसभर पत्रा ठोकायचा आवाज, म्हणून गल्लीने नाव पाडलं ठोकेकाका, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून आधी घोटाळ्यात पडायचा. बेकरीची धुराडी, छपराच्या पन्हळी, नरसाळी, पत्रपेट्या, सांगाल ते काका करून द्यायचे. एकदा माप घेतलं की पुन्हा विचारायला यायचं नाही, असा खाक्या. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अग्निशमन दलात होता, सून लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि बंब्या काहीच करत नव्हता.

बंब्याला मुलानेच आणलं होतं. कुठल्याशा जळालेल्या शेडमागे सापडलेलं पिल्लू आगीच्या बंबात बसून आलं, म्हणून बंब्या. दलातल्या माणसांना भराभर जेवायची सवय असते. घंटा कधी वाजेल त्याचा नेम नसतो. मुलगा घरीही तसाच जेवायचा, आणि कुत्र्याचं भांडं आपल्या खुर्चीशेजारी ठेवून त्याच्याशी शर्यत लावायचा. बहुतेक वेळा कुत्राच जिंकायचा. काका तेव्हा कुरकुरत. त्यांचं स्वतःचं जेवण म्हणजे बैलगाडीचा प्रवास. हे जेवतात की भाजीचं माप घेतात, असं त्यांची बायको म्हणायची.

मग त्या वर्षी थंडी पडायच्या सुमारास एका गोदामाला आग लागली. छत खाली आलं. बाकीचे बाहेर आले, मुलगा आला नाही.

आता इथे रडारड यायला हवी. ती आलीच नाही, त्याला कोण काय करणार. लोक भेटायला आले, काकांनी त्यांना खुर्च्या दिल्या. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला, तो काढेपर्यंत काका तसेच उभे राहिले. दाढ काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं त्यांना सगळं अंगच वाटायचं. लोकांची ये-जा थांबल्यावर त्यांनी दुकान उघडलं आणि अर्धी राहिलेली पन्हळ पुरी केली. माप बरोबर आलं. सूनही कामावर गेली. तिच्या माहेरच्यांनी चल म्हणून सांगितलं, तेव्हा बंब्याला कोण बघणार, एवढंच ती म्हणाली. सासऱ्यांचं नाव तिने घेतलं नाही आणि सासऱ्यांनाही त्याचं काही वाटलं नाही. वाटायचं खातंच बंद होतं.

दोघं बोलत, नाही असं नाही. दूध आहे का, किल्ली कुठे, दार लावून घ्या. मुलाविषयी कुणी अवाक्षर काढत नसे. घरात त्याच्यासाठी काही करणारा असा एक बंब्याच होता. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की तो उठून दाराशी जायचा, आणि सून किंवा काका आत आले की दोघांच्या मागे बघायचा.

आणि मग बंब्या फुगला.

दुपारी भांडं रिकामं करून तो टेबलाखाली गेला तो बाहेरच येईना. काकांनी वाकून बघितलं तर पोट टणक झालेलं, पत्र्याच्या डब्यासारखं. ओकायला बघतोय, पण फेसाशिवाय काही निघत नाही. सून जेवायला घरी आली होती म्हणून बरं. तिने शिकवायच्या गाडीत त्याला घातला, छपरावर ‘शिकाऊ’ची पाटी तशीच, आणि ती गाडी त्या दिवशी अशी चालली की तिच्या एकाही विद्यार्थ्याने तसं चालवलं असतं तर तिने त्याला तिथेच उतरवलं असतं.

जनावरांच्या डॉक्टरबाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नळी घालून हवा काढली. मग हात धुऊन समोर बसल्या आणि सगळं सरळ सांगितलं. हा अन्नाबरोबर हवा गिळतो. या खेपेला नुसतं फुगलं होतं. पुढच्या खेपेला पोटाला पीळ बसला तर ऑपरेशनलाही वेळ मिळेल असं नाही. थोडं थोडं घाला, पसरून घाला, मध्ये अडथळे असलेली भांडी मिळतात ती वापरा, जेवल्यावर पळवू नका. आणि निघताना म्हणाल्या, की याची घाई पोटातली दिसत नाही, त्याच्या डोक्यात काहीतरी आहे, ते बघा.

काकांनी यातलं एकच ऐकलं. भांडी.

परत येताना बंब्या मागच्या सीटवर झोपला होता आणि काका समोर रस्ता बघत बसले होते. हा गेला तर, असा विचार त्यांच्या मनात आला. दुःख नाही झालं. फक्त कळलं, की हा गेला तर सूनबाईला इथे राहायला कारण उरणार नाही, आणि पोराने घरात आणलेली जिवंत अशी एकही गोष्ट राहणार नाही. पन्हळीत भोक दिसावं तसं ते त्यांना दिसलं. भोक दिसलं की बुजवायचं, एवढं त्यांना येत होतं.

दुकानात त्यांनी चांगल्यातला स्टीलचा पत्रा काढला. कातरीने गोल कापला, ऐरणीवर लाकडी हातोडीने खोलगट केला, आणि मधोमध एक उंचवटा जोडला. अन्न त्याच्याभोवती गोल पसरणार, कुत्र्याला गोल फिरून खावं लागणार. बंब्याने भांडं बघितलं, काकांकडे बघितलं, आणि पायाने ते उलटं केलं. फरशीवर सांडलेलं तर आणखीच लवकर संपलं.

मग काकांनी भांड्याला रुंद, जड तळ लावला. मग आत आडव्या-तिडव्या भिंती घातल्या, गल्लीबोळ असावेत तशा. त्या गल्लीबोळांत कुत्र्याची जीभ अशी शिरली, जणू ती तिथेच लहानाची मोठी झाली. मग खाचाखाचांचा लांब ट्रे केला. बंब्या एका टोकाला सुरू झाला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडला. गल्लीतली माणसं दुकानाच्या दारात उभी राहून सल्ले देऊ लागली. भांड्यात दगड ठेवा. बर्फ करून घाला. उपाशी ठेवा एक दिवस, आपोआप सुधारेल. बेकरीवाला म्हणाला, की कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, काका, तुम्ही कशाला डोकं आपटताय. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याच्या बापाचं काय जात होतं. काकांनी मान हलवली आणि पुन्हा कातर हातात घेतली.

खरं सांगायचं तर काकांना ते काम बरं वाटायचं. कापा, वाकवा, ठोका, कड घासा. दुकानात एकटं असलं की वेळ निघून जायचा, आणि वर जेवायला जायची पाळी आली की जेवढ्यास तेवढं. स्वयंपाकघरात टेबलाला तीन खुर्च्या होत्या. काका आपल्या खुर्चीवर टेकत, मान खाली घालून ताट मोकळं करत आणि उठत. सून तर बसतच नसे. ओट्याशी पाठ लावून, ताट हातात घेऊन उभ्याउभ्या जेवायची, एक डोळा घड्याळावर, कारण पुढचा विद्यार्थी खाली येऊन थांबलेला असायचा किंवा थांबलेला आहे असं ती म्हणायची. तिसऱ्या खुर्चीकडे दोघंही बघत नसत.

सूनबाईने तिच्या परीने करून पाहिलं. हाताने एकेक घास भरवला. बंब्या घासाबरोबर बोटंही गिळायला निघाला. अन्न मागच्या अंगणात विखरून टाकलं. त्याने ते झाडूपेक्षा चांगलं साफ केलं. एका भांड्याऐवजी दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं घालायला लागली, तर प्रत्येक वेळी तेवढीच घाई. थोडं होतं म्हणून पोट वाचत होतं, इतकंच.

आणि तेही एके दिवशी वाचेना. काका जेवण उरकून नुकतेच खाली आले होते, वरून सूनबाईने हाक मारली. पुन्हा पोट टणक, पुन्हा फेस. डॉक्टरबाईंनी पुन्हा नळी घातली. या वेळी त्यांना वेळ लागला आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी म्हणाल्या, की पोट वळायच्या बेतात होतं. असंच चालू राहिलं तर तुम्ही दोघं मनाची तयारी ठेवा.

मनाची तयारी म्हणे. काकांनी मान हलवली. सून गाडीच्या स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ किल्ली न फिरवता बसली. मग ती म्हणाली, "बाबा, मला हे पुन्हा नाही जमणार."

नवीन भांडं करतो, असं काका म्हणाले.

त्या नव्या भांड्यावर त्यांनी सगळं कसब लावायचं ठरवलं. दुकानात असतील तेवढे जाड पत्र्याचे तुकडे घेतले, बोटभर उंचीच्या सुळक्यांची आखणी केली. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पत्रा कापताना कधी हातमोजा विसरला नव्हता, तो त्या दिवशी उघड्या हाताने कडेला भिडला. पत्रा सटकला. अंगठ्याच्या मुळाशी तळहात उघडला. काकांनी बघितलं, रक्त येतंय हे त्यांना दिसलं, आणि चिंधी शोधताना त्यांच्या लक्षात आलं, की दुखतसुद्धा नाहीये. दवाखान्यात टाके पडले. उजव्या हाताला एवढं मोठं बँडेज बांधलं, की तो हात म्हणजे उशीच झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डाव्या हातात चमचा धरून जेवायला बसले. नवं भांडं खाली दुकानात अर्धवट राहिलेलं, म्हणून बंब्याला जुनं साधं भांडंच वाढलं. काकांचा डावा हात म्हणजे निव्वळ नवशिक्या. भात चमच्यावर चढायचा आणि तोंडापाशी येईस्तोवर निम्मा खाली. एकेका घासाला मोठा खटाटोप. सून ओट्याशी उभी राहून जेवत होती, आणि जेवता जेवता तिचा हात थांबला.

"बाबा, थांबू नका, खात राहा," ती हळूच म्हणाली. "आणि खाली बघू नका."

म्हटल्यावर काकांनी अर्थातच खाली बघितलं. बंब्याने एक घास घेतला होता आणि मान वर केली होती. डोळे काकांच्या चमच्यावर. चमचा तोंडात गेला तसा त्याने दुसरा घास घेतला. चमच्यावरून भात सांडला, काका पुन्हा भरायला लागले, बंब्या थांबला. तोंडाला लागलेलं चाटलं. वाट बघितली. साधं भांडं, ना भिंती ना सुळके, आणि त्यातलं निम्मं अन्न अजून जागेवर.

सूनबाईने ताट ओट्यावर ठेवलं. शर्यत, ती म्हणाली. हा अजून शर्यतच लावतोय. आधी नवऱ्याशी लावायचा, आता तुमच्याशी लावतोय.

काकांना ते काही पटलं नाही. आपल्याशी कशाला लावेल, आपण कुठे भराभर जेवतो, सगळ्या घराला माहीत आहे आपलं जेवण कसं असतं, असं ते म्हणू लागले. बायकोचं ते मापाचं वाक्यसुद्धा त्यांनी साक्षीला काढलं. सून ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते पूर्वी, बाबा. आता तुम्ही जेवत नाही. उरकता."

काकांनी चमचा पुन्हा भरायला घेतला.

विश्वास नव्हता म्हणून संध्याकाळी त्यांनी मुद्दाम पारख केली. डाव्या हाताने का होईना, चमचा सोडून थेट बोटांनी, आजवर जेवत होते तसं ताट मोकळं केलं. बंब्याने खाली गडगडाट करून त्यांच्याआधी भांडं फ्रिजपाशी नेलं. सकाळी पुन्हा चमचा, पुन्हा सावकाश, कुत्राही सावकाश. यात शंकेला जागा उरली नाही. दुकानात फळीवर ओळीने मांडलेली ती चकचकीत भांडी, आणि चूक वर टेबलाशी बसलेली. माप घेण्यात आयुष्य गेलं त्या माणसाने कुत्र्याचं माप घेतलं होतं आणि स्वतःचं घ्यायचं विसरला होता. डॉक्टरबाईंना फोन करून सूनबाईने हे सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्याचं ऐकू आलं. असंच चालू ठेवा, म्हणाल्या, आणि दोघंही बसा, कारण उभं माणूस म्हणजे निघालेलं माणूस, कुत्र्याला ते बरोबर कळतं.

टाके निघेपर्यंत काही प्रश्न नव्हता, हातच अडलेला. टाके निघाले आणि खरी पंचाईत झाली. आता सावकाश जेवायचं ते आपणहून.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, घास चावून खायचा. अहो, भराभर जेवण्यात काकांचं केवढं काम होत होतं ते त्यांनाच माहीत नव्हतं. घास गिळला की संपलं, ताट रिकामं झालं की उठता येतं, उठलं की खाली जाता येतं. आता समोर सून बसलेली, शेजारी ती खुर्ची, आणि तोंडातला घास काही केल्या संपत नाही. कुठे बघायचं हाच प्रश्न. काका मिठाच्या-मसाल्याच्या फळीकडे बघत, खिडकीकडे बघत, बंब्याच्या कानांकडे बघत. सूनही बिचारी बसायला शिकत होती. जरा काकांचा हात भराभर चालायला लागला, की टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली जादा ब्रेक असतो ना, ती सवय. काकांना तो पाय दिसला की ते घास खाली ठेवत.

"तुमचा क्लच फार लवकर सुटतो," ती एकदा म्हणाली. काकांना तो विनोद आहे हे जरा उशिराने कळलं. कळलं तेव्हा ती भांडी घासत होती.

बंब्या मात्र सुधारला. हे छातीठोक सांगायला हरकत नाही. एक घास, वर बघणं, दुसरा घास. पोट नरम राहू लागलं. एकदा तर त्याने अन्न चावलं, आणि तो आवाज ऐकून दोघंही एकमेकांकडे बघायला लागली. जेवून झालं की तो भांड्यापाशीच आडवा व्हायचा. डॉक्टरबाईंनी तपासून, आता महिनाभर माझ्याकडे यायचं नाही, असं सुनावलं. काकांच्या मनावरचं ओझं उतरलं असं म्हणायला हवं, पण खरं तर ओझं होतं हेच त्यांना उतरल्यावर समजलं.

मग एक सुट्टीची दुपार. सूनबाईला त्या दिवशी विद्यार्थी नव्हते, काकांनी दुकान उघडलं नव्हतं. बटाटा-वाटाण्याची भाजी आणि भात, तिघांचं एकाच पातेल्यातलं. काका जेवत होते, नीट, चावून, आता त्यांना ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. आणि चावता चावता त्यांना काहीतरी वेगळं लागलं. म्हणजे लागलं असं नाही. काहीतरी लागायला हवं ते लागत नव्हतं. आधी त्यांना वाटलं, आपली जीभही गेली. हात कापला तरी दुखत नाही, तर जिभेचं काय घेऊन बसलात. त्यांनी ताटाच्या दुसऱ्या बाजूने घास घेतला. नुसता भात खाऊन बघितला. पुन्हा भाजी.

"पोरी," ते म्हणाले, "भाजीला मीठ आहे का गं?"

तिने एक घास खाल्ला. मग आणखी एक. मग भात.

"नाही," ती म्हणाली.

राहिलं असेल आज, होतं असं, असं काहीतरी काका म्हणाले. पण तिचं लक्ष नव्हतं. ती गॅसकडे बघत होती.

"बाबा, काल होतं का?"

काकांनी काल आठवून पाहिला. काल काय जेवलो ते आठवलं, चव आठवेना. परवाची आठवेना. त्याआधीचीही नाही. त्यांनी तिला विचारलं, तुला काय आठवतंय? तिने मान हलवली. तिलाही सांगता येत नव्हतं.

मग ती बोलायला लागली, हळूहळू, स्वतःलाच सांगावं तशी. कुत्र्याच्या अन्नात मीठ नको, म्हणून शिजलं की बंब्याचा वाटा आधी बाजूला काढायचा आणि मग पातेल्यात मीठ घालायचं, अशी या घराची पद्धत होती. वाटा काढायचं काम तिच्या नवऱ्याचं. तो भांडं घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहायचा, चांगला शिजलेला बटाटा असेल तर तो कुत्र्याच्या भांड्यात ढकलायचा, ती ओरडायची. रोजचंच.

"काढून झालं की म्हणायचा, टाक आता मीठ," ती म्हणाली. "मग मी टाकायचे. आता बंब्याचं मीच काढते. त्यानंतर कुणी काही म्हणतच नाही."

म्हणजे सबंध हिवाळा. सबंध हिवाळा दोन धडधाकट माणसं एका टेबलाशी अळणी जेवली होती, एकाने रांधून आणि दुसऱ्याने गिळून, आणि दोघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. काका हातातल्या घासाकडे बघत राहिले. पोराची आठवण त्यांना रोज येत होती, नाही असं नाही. फोटो समोर होता, बूट दाराशी होते. पण पोरगा हवा आहे, आत्ता, या स्वयंपाकघरात, भांडं हातात धरून मध्ये मध्ये लुडबुडत हवा आहे, असं त्यांना त्या गोदामाच्या दिवसापासून पहिल्यांदा वाटलं. ते इतकं जोरात आलं की त्यांना टेबलाची कड धरावी लागली. दुखलं. बऱ्या झालेल्या हातापासून थेट छातीपर्यंत दुखलं.

सून उठली. फळीवरून मिठाची बरणी काढली. बरणी गळ्यापर्यंत भरलेली, आणि आतलं मीठ ओल धरून दगड झालेलं. ती चमच्याने खरवडायला लागली. मीठ हलेना. ती तशीच खरवडत राहिली, ओट्याकडे तोंड करून, आणि चमचा काचेवर वाजत राहिला, आणि मग तिचे खांदे हलायला लागले आणि तोंडातून असा आवाज निघाला, की बंब्या भांडं सोडून उठून उभा राहिला.

काका उठले. त्यांनी तिच्या हातातून बरणी घेतली, चमचा उलटा धरला आणि दांड्याने मिठाच्या कडेला दोन-चार ठोके दिले, कुठे मारलं की तडा जातो ते त्यांना माहीत होतं. मीठ फुटलं. बरणी त्यांनी तिच्यापुढे धरली, डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ते पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता.

"टाक," ते म्हणाले.

तिने दोघांच्या ताटांत मीठ टाकलं. जरा जास्तच पडलं. दोघं बसली. काकांनी भाजी कालवली, घास उचलला आणि तोंडाशी नेला. खाली बंब्या भांड्यात तोंड न घालता त्यांच्या हाताकडे बघत थांबला होता.